युनिफॉर्म आला की मारामाऱ्या थांबतात का?

प्रश्न: माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत आत्तापर्यंत कुठलेही कपडे चालायचे, पण यावर्षी मुलांच्या मारामाऱ्या वाढल्यात म्हणून पुढच्या वर्षीपासून युनिफॉर्म कंपल्सरी करायचं चाललंय. त्याने शिस्त लागते आणि मुलं सेफ राहतात असं पालकसभेत सांगितलं. हे खरंय का?

उत्तर: ताई, मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून युनिफॉर्म आणत असतील तर माझं मत स्पष्ट आहे, नुसत्या त्याने थांबणार नाहीत. या दाव्याच्या बाजूने नेहमी कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचं उदाहरण देतात. तिथल्या सरकारी शाळांनी १९९४ मध्ये आठवीपर्यंत युनिफॉर्म सक्तीचा केला, नंतर गुन्ह्यांचे आकडे बरेच खाली आले आणि १९९६ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही युनिफॉर्मची बाजू घेतली. पण त्याच काळात तिथे शिक्षकांनी वर्गाबाहेर, पॅसेजमध्ये लक्ष ठेवणंही वाढवलं होतं, मग श्रेय कपड्यांना द्यायचं की त्या शिक्षकांना? पुढे १९९८ मध्ये ब्रुन्स्मा आणि रॉकेमोर या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या दहावीच्या मुलांची माहिती तपासली तर वागणूक, हजेरी, व्यसनं यात युनिफॉर्ममुळे फरक पडलेला दिसला नाही.

सेफ्टीचा मुद्दा थोडा खरा आहे. बाहेरचं कुणी आवारात शिरलं तर पटकन लक्षात येतं, सहलीला गर्दीत आपली मुलं ओळखू येतात, आणि जिथे टोळ्यांचे रंग ठरलेले असतात तिथे ते रंग शाळेबाहेर राहतात. पण तुमच्याकडे भांडतायत ती शाळेतलीच मुलं, उद्या एकाच रंगाच्या शर्टात भांडतील. आणि चिडवायचं असलं की मुलं बूट, बॅग, मोबाईल कशावरूनही चिडवतात.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते, शर्ट बाहेर आलाय, मोजे चुकीचे आहेत म्हणून मुलांना वर्गाबाहेर उभं करतात आणि ज्या घरात दुसरा जोड घ्यायला पैसे नाहीत तेच मूल रोज पकडलं जातं, म्हणजे शिस्तीच्या नावाखाली अभ्यास बुडतो तो त्याचाच.

तेव्हा पुढच्या सभेत विचारा की मारामाऱ्या कुठे आणि कधी होतात, मधल्या सुट्टीत, जिन्यात की शाळा सुटताना, तिथे मोठं माणूस कोण असतं, आणि मार खाल्लेल्या मुलाने सांगायचं कुणाला. याची उत्तरं मिळाली तर युनिफॉर्मला खुशाल हो म्हणा, पण ज्यांना परवडत नाही त्यांना तो फुकट मिळेल आणि कपड्यांवरून कुणाला वर्गाबाहेर काढणार नाही हे लेखी घ्या.