मुख्याध्यापक असलेल्या वडिलांनी सरपंचपदाची निवडणूक लढवावी का?

तुमचं म्हणणं असं दिसतं: वडील 55 वर्षांचे, मुख्याध्यापक आहेत, गावातली मंडळी सरपंचपदाला उभं राहा म्हणून मागे लागलीत. नोकरीत राहून लढता येईल का, आणि लढावं का? पण शाळा कोणाची ते तुम्ही लिहिलं नाहीत, आणि सगळं तिथंच अडतं.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर विषय संपला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 14 नुसार शासनाचा किंवा कुठल्याही स्थानिक प्राधिकरणाचा नोकर उमेदवारीला अपात्र. शिवाय जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांचे 1967 चे वर्तणूक नियम आहेत, त्यात राजकारणापासून लांब राहा असं स्वच्छ सांगितलंय. त्यामुळे फॉर्म भरणं सोडाच, नोकरीत असेपर्यंत पॅनलच्या बैठकीत खुर्ची टाकून बसूसुद्धा नये. कोणी ना कोणी फोटो काढतंच. गंमत अशी, की शिक्षणहक्क कायद्याने अशैक्षणिक कामं मास्तरांच्या गळ्यातून काढली, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक तेवढी ठेवली. निवडणूक घ्यायला मास्तर चालतो, लढवायला नाही.

खाजगी अनुदानित शाळा असेल तर गोष्ट वेगळी. पगार सरकारी अनुदानातून आला तरी नेमणूक संस्थेची, म्हणून तो माणूस सरकारी नोकर ठरत नाही. पण विरोधी पॅनल उमेदवारी अर्जांच्या छाननीला हरकत घेणारच, हे धरून चाला. मी केंद्रप्रमुख, म्हणजे शाळांच्या एका गटावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. तहसीलला अशा छाननीच्या टेबलाशी उभा राहिलोय. समोरचा वकील पगारपत्रक फडकवतो, 'हा बघा शासनाचा पगार' म्हणतो आणि उमेदवार घामाघूम होऊन सेवापुस्तक शोधत असतो. नेमणूक आदेश, मान्यतेचं पत्र आणि संस्थेला आधी लेखी कळवल्याची पोच, एवढं फायलीत वर असू द्या. 1981 ची सेवाशर्ती नियमावली वडिलांनी स्वतः वाचावी, संस्थेच्या क्लार्कच्या तोंडी सल्ल्यावर जाऊ नये.

जि.प.चे असतील आणि नोकरी सोडूनच लढायचं म्हणत असतील तर इथे नीट लक्ष द्या. राजीनामा द्यायचा नाही. 1982 च्या निवृत्तिवेतन नियमांत राजीनाम्याने मागची सगळी सेवा जाते आणि तिच्यासोबत पेन्शनही. मार्ग स्वेच्छानिवृत्तीचा आहे: 20 वर्षं अर्हताकारी (पेन्शनला धरली जाणारी) सेवा आणि तीन महिन्यांची नोटीस. आता हिशेब बघा. कार्यक्रम जाहीर झाल्यापासून मतदानापर्यंत साधारण महिना-दीड महिना मिळतो, फॉर्म भरायची तारीख त्याच्याही कितीतरी आधी. म्हणजे निवडणूक लागल्यावर नोटीस देऊन उपयोग नाही. आणि लवकर दिली, नंतर आरक्षणाच्या सोडतीत सरपंचपद दुसऱ्याच प्रवर्गाला सुटलं, तर नोकरीही गेली आणि निवडणूकही.

आता लढावं का, याबद्दल. खाजगी शाळेतल्या हेडमास्तरने पदावर राहून सरपंच होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कायदा आड येत नसला तरी. 15 ऑगस्टला सकाळी शाळेतही झेंडावंदन, ग्रामपंचायतीतही. वर त्याच सुमारास ग्रामसभा. शाळा गावातलीच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत स्थानिक प्राधिकरणाचा प्रतिनिधी असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. उद्या पाण्याच्या टाकीचा प्रस्ताव शाळेतून पाठवणार कोण आणि मंजूर करणार कोण?

त्याहून वाईट पटाचं. गावची निवडणूक पक्षचिन्हावर नसते, भावकीवर असते. आमच्या तालुक्यात एका गावात सरपंचपदाला उभे राहिलेले हेडमास्तर सर पडले. गुलाल विरोधकांचा उधळला, आणि जूनमध्ये त्या आळीतली मंडळी पोरांचे दाखले मागायला शाळेत हजर. कारण विचारलं तर 'शेजारच्या गावाला गाडी येते' एवढंच. पट घसरला, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) एक पद उडालं, आणि अतिरिक्त ठरली ती शाळेतली सगळ्यांत कनिष्ठ बाई, जिचा या निवडणुकीशी काडीचा संबंध नव्हता. सर मात्र आपल्या खुर्चीवर. निवडून आले असते तरी दुसऱ्या आळीचे दाखले गेलेच असते असं मला वाटतं.

निवृत्त हेडमास्तर मात्र सरपंच म्हणून उत्तम. त्याला ठराव लिहिता येतो, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) पुढे केलेला कागद तो वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि निम्मा गाव त्याच्या हाताखालून गेलेला असतो. मानधनाची आशा ठेवू नका. 2024 मध्ये दुप्पट होऊनही 2,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना 6,000 आहे.

तुमचे वडील 58 ला निवृत्त होतील, म्हणजे तीन वर्षं. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. यंदाची सोडली तर पुढची निवडणूक येईल तेव्हा ते साठीचे असतील, पेन्शन चालू, कोणाच्या परवानगीची गरज नाही. मी त्यांच्या जागी असतो तर यंदा मागे लागलेल्या मंडळींतलाच एखादा चांगला पोरगा उभा करा म्हणून सांगितलं असतं. तरीही यंदाच लढायचं ठरलं, तर शाळा कोणाची ते इथे कळवा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल.