हप्ता गेला कुठे?

प्रश्न : पीएम-किसानचे २००० रुपये जमा झाल्याचं पोर्टल सांगतं, माझ्या पासबुकात मात्र नोंद नाही. तालुक्याला तीन खेटे झाले. काय करू?
– एक वाचक, ता. बार्शी

उत्तर : दादा, चौथा खेटा नको! हे पैसे आधारवर येतात. म्हणजे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, तर आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. माझा हप्ता असाच गॅसच्या सबसिडीसाठी काढलेल्या, मी साफ विसरलेल्या खात्यात निघाला. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' बघा, बँकेचं नाव कळेल. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज द्या. तलाठी यात काही करू शकत नाही, त्याच्यावर उगाच चिडू नका. आणि राज्याच्या 'नमो शेतकरी'चे २००० सुद्धा तिथेच पडलेत का, तेही बघा.