‘कूडोज’मधला ‘ज’

प्रश्न : ताई, गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतल्या मुलांनी नाटक बसवलं. नातीनं फळ्यावर ‘कूडोज टू ऑल’ लिहिलं. पडदा ओढणाऱ्या मुलाचं एकट्याचं कौतुक करायचं, तर ‘अ कूडो’ लिहावं का, असं ती विचारते. आणि मराठीत काय म्हणायचं? – एक आजी, रावपुरा, वडोदरा

उत्तर : ‘कूडो’ नको. ‘कूडोज’ (kudos) म्हणजे कौतुक, वाहवा; हा शब्द ग्रीक आहे आणि एकवचनी आहे. त्याच्या शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नाही, शब्दाचाच आहे; ‘कॉसमॉस’चा ‘स’ काढून आपण ‘कॉसमो’ म्हणतो का? इंग्रज ‘क्यूडॉस’ म्हणतात, अमेरिकन बरेचदा ‘कूडोज’. त्या ‘ज’मुळे अनेकवचनाचा भास झाला आणि ‘कूडो’ जन्माला आला. काही अमेरिकन कोशांनी त्याची नोंद घेतली आहे, तरी मी माझ्या विद्यार्थ्यांना तो कधी लिहू दिला नाही.

ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यामध्ये हा शब्द येतो तो रणांगणात देवांनी वीराला दिलेल्या कीर्तीसाठी. इंग्रजीत तो विद्यापीठातल्या पोरांच्या बोलीतून शिरला, म्हणून अजूनही मोकळाढाकळा आहे. फळ्यावर शोभतो, मानपत्रात नाही.

मराठीत मात्र कोण कोणाला म्हणतंय ते पाहावं लागतं. ‘शाबास’ म्हणजे फारसीतलं ‘शाद बाश’, आनंदात राहा. ती थोरांनी धाकट्यांच्या पाठीवर द्यायची. शिष्य गुरूला शाबासकी देत नाही. ‘दाद’ मला त्याहून प्रिय. फारसीत दाद म्हणजे न्याय, म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. माझे वडील वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात वाढले. गायक उस्ताद फैयाज खाँच्या मैफलींबद्दल ते सांगत, की खाँसाहेब समेवर आले की पुढच्या रांगेतल्या जाणकाराइतकीच मागे उभ्या टांगेवाल्याचीही दाद जायची. दाद द्यायला वय लागत नाही, हुद्दा लागत नाही. समोरच्यानं काय केलं ते कळलेलं असावं लागतं.

तेव्हा पडदा ओढणाऱ्या मुलाला तुम्ही शाबासकी द्या. नातीनं दाद द्यावी, आणि पडदा नेमका कुठल्या वाक्यावर पडला तेही लिहावं. इंग्रजीत दोघींनाही ‘कूडोज टू हिम’ चालेल.