एकाच घरात तीन विद्यापीठं?

प्रश्न : आमचे आजोबा उस्मानियाचे बीए, वडिलांच्या 1974 च्या डिग्रीवर मराठवाडा विद्यापीठ आणि माझ्या डिग्रीवर नांदेड. वडील न् मी तर लातूरच्या एकाच कॉलेजात शिकलो! मग हे असं कसं? आणि वडिलांची डिग्री फाटलीय, डुप्लिकेट कुठं मिळंल? – एक वाचक, लातूर

उत्तर : कॉलेज जागेवरच राहिलं ओ, वरचं विद्यापीठ बदलत गेलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता त्यामुळं आपल्या लेकरांना विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, अन् तिथं शिकवायची भाषा उर्दू. 1948 ला निजाम गेला, 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो तरी स्वतःचं विद्यापीठ नव्हतंच, ते 23 ऑगस्ट 1958 ला औरंगाबादला नेहरूंच्या हस्ते सुरू झालं, पहिले कुलगुरू डोंगरकेरी. पण त्याच्या आधीच 1950 मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तिथं कॉलेज काढलं होतं, तेच आजचं मिलिंद, आणि ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं अशी पोरं तिथं बीए करू लागली. हे ध्यानात घेतलं की पुढं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचंच नाव द्या असा आग्रह का होता ते वेगळं सांगावं लागत नाही.

27 जुलै 1978 ला विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यात दलित वस्त्या जाळल्या, पोचिराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली, सरकारनं अंमलबजावणी थांबवली. मग लाँग मार्च, मोर्चे, तुरुंग, असं सोळा वर्षं चाललं. 14 जानेवारी 1994 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं नाव झालं, म्हणजे मराठवाडा शब्दही ठेवला, म्हणून सरकारी भाषेत नामविस्तार. गंमत बघा, ठरावाच्या वेळी मुख्यमंत्री शरद पवार आणि 1994 लाही तेच. आजही त्या तारखेला विद्यापीठाच्या गेटवर गावोगावची माणसं येतात, ज्यांनी तिथं कधी अ‍ॅडमिशन घेतली नाही अशी म्हातारी माणसंसुद्धा. गेटसमोर एवढी गर्दी होणारं दुसरं विद्यापीठ मला तरी माहीत नाही. एरवी मात्र पोरांच्या तोंडी परीक्षा, रिझल्ट अन् पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा), बाकी विद्यापीठांसारखंच.

त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं. लातूर, नांदेड, परभणी (हिंगोली त्यातच होतं) तिकडं गेले. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव जुन्याकडंच राहिले. तुमची डिग्री नांदेडची ती यामुळं.

आता डुप्लिकेटचं. 1974 ची डिग्री जुन्या विद्यापीठाची, तेव्हा नांदेडला हेलपाटा घालू नका, संभाजीनगरच्या परीक्षा विभागात विचारा, जाताना सीट नंबर, पास झाल्याचं वर्ष आणि फाटलेली ओरिजिनल सोबत ठेवा. काम लगेच होईल असं समजू नका, आणि थांबायची वेळ आलीच तर शेजारी सोनेरी महाल आहे, बघून या.