जुन्या रॅमसोबत वेगळ्या स्पीडची रॅम चालेल का?

चालते रे, एवढं टेन्शन नको घेऊस. २६६६ स्पीडची जुनी स्टिक (रॅमची पट्टी) आणि ३२०० ची नवी एकत्र लावलीस तर दोन्ही बहुतेक २६६६ वरच चालतील, म्हणजे नवीचा जास्तीचा स्पीड वाया, पण ८ जीबीचे १६ होतात ना, रोजच्या वापरात फरक त्याचाच जाणवतो.

घ्यायच्या आणि लावायच्या आधी एवढं बघ:

- आधी मदरबोर्डला डीडीआर४ लागते का डीडीआर५ (रॅमच्या दोन पिढ्या) ते बघ, खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे बसत नसेल तर जोर लावू नकोस (लोक खरंच लावतात!)
- चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा, तरी मॅन्युअल बघच. शेजारी शेजारी लावून ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून मिळणारा जादा वेग) घालवणं ही नवख्यांची नेहमीची चूक
- पहिल्यांदा चालू करताना एक्सएमपी (रॅम तिच्या जास्तीच्या स्पीडवर चालवणारी सेटिंग) बंद ठेव

स्क्रीन काळीच राहिली तर लगेच रॅम खराब म्हणून परत करू नकोस, बहुतेक वेळा स्टिक नीट बसलेली नसते, पॉवर केबल काढून स्टिक परत दाब, क्लिप टक् करून लागली पाहिजे. मग मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर लावून ठेव, एकही एरर आली नाही पाहिजे. टायमिंग वगैरे बारीक सेटिंगच्या नादी आत्ता लागू नकोस.