लियारला दमडी म्हणावं का?

प्रश्न असा: सोळाव्या शतकातल्या फ्रान्सवरच्या कादंबरीचा अनुवाद चालू आहे. त्यात लियार, दनिए, दुझँ अशी चिल्लर जागोजाग येते. सगळ्यांना 'दमडी' म्हटलं तर चालेल का?

सरसकट नको. आपला दशमानपूर्व हिशेब इथे इतका चपखल बसतो की तो सोडणं जिवावर येतं. बारा पैंचा आणा, तसा बारा दनिएंचा सू. आपला जुना पैसा तीन पैंचा, लियारही तीन दनिएंचा. म्हणजे लियार हा चक्क पैसा झाला आणि दमडी तर पैशाहूनही लहान. (दनिए हा लॅटिन 'देनारियुस'चा वंशज, आपला दीनारही त्याच घरातला.) पुढे मात्र गाडी अडते: रुपयाचे आणे १६, लिव्रचे सू २०. शिवाय फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्या काळात (१५१५–१५४७) लिव्र नावाचं नाणंच नव्हतं, तो नुसता वहीतला आकडा. तेव्हा तुमच्या सावकाराच्या थैलीत लिव्र खणखणू देऊ नका.

दुझँ म्हणजे सूचं प्रत्यक्ष नाणं. 'दूझ' म्हणजे बारा, पावलीच्या नावात पाव आहे तसे याच्या नावात बारा दनिए. त्याला 'आणा' म्हणण्यापेक्षा दुझँच ठेवा. चांदीत तांब्याची भरपूर खोट असायची, त्यामुळे नवं असताना पांढरं दिसणारं नाणं हातोहात फिरून काळवंडायचं. वर्णनात हा रंग आला तर शब्दापेक्षा जास्त काम करील. फ्रान्स्वाच्या काही लियारांवर डॉल्फिन आहे. फ्रेंचमध्ये 'दोफँ' म्हणजे डॉल्फिन आणि युवराजही, ही कोटी मराठीत आणायची कशी ते मला तरी सुचलेलं नाही. निव्वळ तांब्याचे दनिए आणि दुब्ल (दोन दनिएंचं नाणं) राजा तिसऱ्या आन्रीच्या कारकिर्दीत (१५७४–१५८९) रुळले, त्याआधीच्या प्रसंगात तांब्याचा दनिए घालू नका.

आता दमडीकडे. कंजूष माणसाला फ्रेंच लोक 'लियारचे चार तुकडे करील असा' म्हणतात. तिथे पैसा लिहिलात तर वाक्य मेलंच. तिथे 'चमडी जाईल पण दमडी सुटणार नाही' असंच हवं. तसंच 'त्याच्याजवळ एक लियारही नव्हता' याला फुटकी कवडी. पण भिकाऱ्याच्या वाडग्यात लियार पडला, तर तो पैसाच.