नव्या गिटारी चांगल्या मिळत असताना जुनी इलेक्ट्रिक गिटार का घ्यावी?

तुमचा प्रश्न असा, की पंधरा-वीस हजारांत नवी, सुबक इलेक्ट्रिक गिटार मिळत असताना लोक चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या गिटारीमागे का लागतात. माझ्यापुरतं सांगतो. लातूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि माझी गिटारीशी ओळख झाली ती कॉइलमुळे.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं, मोटारी कोरड्या चालतात आणि जळून दुकानात येतात. अशीच एक मोटार घेऊन उदगीरकडचे एक काका आले होते. बोलता बोलता कळलं, की तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. गणपती, भीमजयंती, लग्नं. रात्र रात्र कार्यक्रम चालायचे. कोलकात्याच्या बनावटीची त्यांची गिटार घरातच होती, पण आवाज गेला म्हणून कित्येक वर्षं माळ्यावर पडलेली. म्हटलं, आणा, बघू.

गिटारीचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, कॉइलमध्ये बारीकशी वीज उमटते आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. मोटार रिवाइंड करणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मीटर लावला तर कॉइल ओपन, आत कुठंतरी तार तुटलेली. उलगडून पाहिली तर ती केसाहून बारीक, ०.०६ मिलिमीटरच्या आसपास. असे सात-आठ हजार वेढे! नवी तार भरताना दोनदा मध्येच तुटली. तिसऱ्यांदा बोटांच्या चिमटीतून, श्वास धरून भरली. मीटरवर सहा किलोओहमच्या जवळ आकडा आला, तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

नंतर वाचलं, की १९५० च्या दशकात फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातही बॉबिन मशीन फिरवायचं, पण तार कामगारांच्या हातानंच सोडली जायची. म्हणून त्या काळचे दोन पिकअप तंतोतंत सारखे नसतात. मोटारीत वेढे शिस्तीत बसलेच पाहिजेत. इथं मात्र ते थोडे विस्कटलेले असले की त्यांच्यातली कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवून धरण्याचा गुण, कमी होते आणि वरचे सूर मोकळे वाजतात. मला जुन्या गिटारीचं वेड लागलं ते इथं.

काका गिटार न्यायला आले. तास-दीड तास वाजवली आणि मग माझ्याच हातात दिली. म्हणाले, "लेकरा, माझी बोटं आता वळत न्हाईत. तूच ठेव. पण भिताडाला टांगू नगं, वाजीव." नेकच्या, म्हणजे गिटारीच्या मानेच्या मागे, त्यांचा अंगठा बसायचा तिथलं पॉलिश पार उडून लाकूड गुळगुळीत झालंय. बॉडीकडच्या वरच्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ते अजून चकचकीत आहे. म्हणजे काका बहुतेक वेळ खालच्या पाच फ्रेटमध्ये कॉर्डच धरत असणार, गायकाला साथ देत. मी पहिल्यांदा नेक धरली तेव्हा माझा अंगठा आपोआप त्याच जागी गेला. आधी कुणीतरी वर्षानुवर्षं वाजवलेल्या वाद्यातच हे मिळतं.

मात्र जुनी म्हणजे चांगलीच, असं मी म्हणणार नाही. वाईट लाकडाची गिटार पन्नास वर्षांनीही वाईटच असते. किमतीचं गणित तर वेगळंच आहे. १९५८ ते १९६० मधली सनबर्स्ट लेस पॉल, म्हणजे गिब्सन या अमेरिकन कंपनीची कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची गिटार, तेव्हा फारशी खपत नव्हती, म्हणून गिब्सननं ते मॉडेलच बदललं. आज तीच लाखो डॉलरना जाते. फेंडरचंही तसंच. १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीनं फेंडर विकत घेतली, त्याआधीच्या गिटारींना वेगळाच भाव. तो संग्राहकांचा बाजार आहे, आपण त्यात पडू नये.

सिंगल कॉइल पिकअप असेल तर ट्यूबलाइटजवळ, फ्रिजजवळ गुणगुण येणारच. ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची. ती घालवायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या कॉइलचा हंबकर काढला. मला ती गुणगुण चालते.

घेणार असाल तर आधी नेक बघा, पॉलिश नंतर. एका डोळ्यानं नेकच्या रेषेत पाहा. पीळ पडलेला असेल तर सोडून द्या. आपल्याकडं एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटाला टोचतात. ती घासून घेता येतात, त्याला घाबरू नका. पत्र्याच्या खोलीत मात्र ठेवू नका. अमेरिकन गिटार म्हणून कुणी विकत असेल तर व्हॉल्यूमच्या पॉटवरचा (बटणाखालच्या, आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा) आकडा वाचा: १३७६६३२ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ हे साल आणि ३२ वा आठवडा. अर्थात पॉट नंतर बदललेला असू शकतो, म्हणून सोल्डरिंग जुनंच आहे का तेही बघा. आणि पिकअप मेलेला असेल तर भाव पाडून घ्या. ओपन झालेली कॉइल पुन्हा भरता येते, माझ्यासारख्या कुठल्याही धीराच्या रिवाइंडिंगवाल्याला विचारा.